मरणाला दिलेली धमकी

न्यागोरो,
३ मार्च

अदोयो पोरी,

हे पत्र ओमेनाच्या पिशवीत, त्या बारीक वाळल्या मासळीच्या वर ठेवून पाठवतो आहे. बसवाल्याला बजावलं आहे की पिशवी तुझ्याच हातात द्यायची. वास आला तर समज, की मासळी वाळलेली आहे आणि मामाचा मजकूर ताजा आहे. गेली काही वर्षं बहुधा याच्या उलट होत आलं आहे.

तुझ्या मामाचं तोंड बंद करण्यात आलं आहे. घाबरू नकोस, दात शाबूत आहेत. बंद झालं ते 'न्यागोरोचा आवाज' हे माझं इंटरनेटवरचं पान. सकाळी उघडायला गेलो तर करड्या चौकटीत दोन ओळी: तुमच्या मजकुराने हिंसेला चिथावणी दिली, तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे. खाली नाव नाही, सही नाही, शिक्का नाही. मला तुरुंगात टाकलं त्या जुन्या सरकारनेसुद्धा हुकमावर शिक्का मारला होता. तिरका होता, पण होता.

झालं असं. आपल्या मासळीवाल्या मिल्काचा नवरा ओग्वेनो गेला, हे तुझ्या आईने कळवलंच असेल. बिचारा किनारा समितीचा जन्मभर अध्यक्ष, आणि जन्मात एक सभा वेळेवर सुरू केली नाही. मातीच्या दिवशी मोठ्या माणसाला शोभेल असं तेरो बुरू केलं. भाले, ढाली, शिंगं, पुढे बैल, आणि गावातले सगळे पुरुष मरणाला सीमेपर्यंत पिटाळायला निघाले. माझे गुडघे आता पिटाळण्याच्या कामाचे नाहीत. म्हणून मला एका दगडावर उभं केलं आणि मरणाशी बोलायचं काम दिलं. मला दगड दिला की काय होतं ते तू लहानपणापासून पाहते आहेस. मी म्हणालो, "चोरासारखा आमच्या किनाऱ्यावर आलास. तुझं घर आम्हाला माहीत आहे. बाहेर ये, नाहीतर आज तुझ्या घराला आग लावून परत जाऊ." रडणाऱ्या बायका रडायच्या थांबून ऐकू लागल्या. वक्त्याला याहून मोठी पावती नाही. त्या सगळ्याचं चित्रण मी पानावर टाकलं. बस, एवढंच.

यामागे कोण आहे ते मी ओळखलं आहे. हॉटेलवाली कंपनी आपला किनारा कुंपण घालून घ्यायला निघाली आहे, तिचा एखादा मंत्री असणार. खरं सांगू? पहिल्या दिवशी मला राग आला नाही, आनंद झाला. इतक्या वर्षांनी कोणीतरी पुन्हा मला घाबरलं. मी सूट इस्त्री केला. जुन्या काळासारखी पिशवी भरली: ब्लँकेट, दात घासायचा ब्रश, दोन पुस्तकं, मीठ. ओसरीत खुर्ची टाकून अटक व्हायची वाट बघत बसलो. संध्याकाळपर्यंत एकच माणूस आला, तो अंडी विकत होता.

पण चेष्टा पुरे. जमीन मंडळाची सुनावणी मे महिन्यात आहे. या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मासळी वाळवली जाते, हे सांगणारी माणसं तिथे उभी राहिली पाहिजेत. त्यांतल्या निम्म्या बायका लग्न होऊन, पोटामागे, तळ्याच्या चारी बाजूंना पांगल्या आहेत. त्यांना गाठायचा एकच रस्ता होता, माझं पान. ते गेलं तर मंडळासमोर किनारा रिकामा दिसेल, आणि रिकाम्या जागेला कुंपण घालायला कोण हरकत घेणार?

तू नैरोबीत मोठ्या कंपनीत संगणकावर काम करतेस. हे कोणी केलं तेवढं शोधून काढ.

तुझा, सध्या मुका,
न्यांग्वेसो मामा


नैरोबी,
११ मार्च

मामा,

ओमेना मिळाली. शेजारणींना वास गेला आणि मी अचानक सगळ्यांची लाडकी झाले आहे.

तुम्ही पत्र लिहिलंत ते बरं केलंत. या विषयावर फोनवर बोलू नका, मेसेजही नको. कारण विचारू नका. कागद आणि बस, एवढंच ठीक आहे.

मंत्र्याचं डोक्यातून काढून टाका. मंत्र्यांना तुमच्याइतकं वाचायला वेळ नसतो. अशी पानं बहुतेक आधी यंत्र पकडतं. त्याला भाला दिसतो, आग ऐकू येते, झालं. त्यानंतर कुठल्यातरी माणसासमोर जातं. तो माणूस दिवसभर तेच बघत बसलेला असतो: मारामाऱ्या, अपघात, नको नको ते. त्याला एकेका गोष्टीला फार थोडा वेळ मिळतो. त्याच्याबद्दल फार वाईट बोलू नका.

खाली 'फेरविचार' असं एक बटण असेल. ते दाबा आणि चार ओळींत सांगा, की ही मातीची रीत आहे आणि धमकी मरणाला आहे. चार ओळींत, मामा. भाषण नको.

पिशवी तशीच भरून ठेवली असेल तर त्यातली पुस्तकं बाहेर काढा, दमट हवेत वाळवी लागेल. आणि लाल बैल उधळला तेव्हा पडलेली तुमची फेल्टची टोपी सापडली का? ती हरवली तर आई मला विचारेल.

अदोयो


न्यागोरो,
१६ मार्च

अदोयो, लबाड पोरी,

पकडली गेलीस.

टोपीबद्दल मी तुला एक अक्षर लिहिलं नव्हतं. लाजेखातर लिहिलं नव्हतं. मरणाला दम देणारा माणूस एका बैलाला घाबरून दगडावरून घसरला, हे कोण स्वतःहून सांगेल? तुझी आई त्या वेळी स्वयंपाकाच्या बाजूला होती, तिने पाहिलं नाही. म्हणजे तू ते चित्रण पाहिलंस. काही वेळातच काढून टाकलं गेलं, तरी तेवढ्यात तू पाहिलंस. याचा अर्थ तू मामाचं पान चोरून वाचतेस. दिवाळखोर वक्त्याचा एक तरी छुपा श्रोता राजधानीत आहे म्हणायचा. मिल्काला सांगितलं तर ती म्हणाली, "नात्यातलीच आहे, ती धरू नका." मी धरली.

आता फेरविचाराची गोष्ट. बटण दाबलं. लिहायला चौकट आली. मी तीन रात्री बसून निबंध तयार केला. बोलण्याचं स्वातंत्र्य, सॉक्रेटिसपासून आपल्या शिक्षक संघटनेपर्यंत. चौकटीत त्याची सुरुवातच मावली, तीही सॉक्रेटिसच्या जन्माआधीची. बरं, ते सोडून दिलं. चार ओळी लिहिल्या, तू म्हणालीस तशा. तर खाली एक छोटा चौकोन, आणि त्याच्यापुढे लिहिलेलं: 'मी नियम मोडला हे मला मान्य आहे आणि पुन्हा तसं करणार नाही.' त्या चौकोनात खूण केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

अदोयो, मी आठ महिने कोठडीत काढले ते नेमक्या अशाच कागदावर सही केली नाही म्हणून. तो अधिकारी रोज सकाळी कागद आणि पेन आणायचा. मी रोज त्याला व्याकरणाच्या चुका दाखवायचो. आता म्हातारपणी एका चौकोनापुढे वाकू? तेसुद्धा समोर अधिकारी नसताना, ज्याला निदान चुका तरी दाखवता येतील?

मिल्का म्हणते, करा खूण, तुमचं बोट झिजणार नाही. सुनावणी सहा मेला ठरली आहे, तळ्यापलीकडे ओटिएंडे गावाकडच्या बायकांना कोण कळवणार ते सांगा. आकाशवाणीवर तिने विचारून पाहिलं. ते म्हणाले, वादातला विषय आहे, बातमी देता येणार नाही. त्यांच्या भिंतीवर हॉटेलवाल्यांचंच कॅलेंडर होतं. मी तिला म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तत्त्व उन्हात वाळवून विकता येत असेल तर सांगा, टोपली आणते.

ज्या कोणी नराधमाने ते बटण दाबलं, त्याचं नाव मला हवं आहे. तो कुठल्यातरी थंड देशात, थंड खोलीत, थंड कॉफी पीत बसला असेल. त्याला माझं एक पत्र पोचवायची सोय तुझ्याकडे आहे का?

मामा


नैरोबी,
२४ मार्च

मामा,

पत्र पोचलं. खोली थंड नाही, पंखा मोडलेला आहे. कॉफी नाही, चहा आहे आणि बरोबर कालची तळलेली मंदाझी.

बटण मी दाबलं.

हे लिहायला मला आठवडा लागला. माझं काम म्हणजे हेच. आमच्या मजल्यावर प्रत्येक भाषेचं एक टेबल आहे, आपल्या भाषेचं टेबल माझं. आत जाताना फोन कपाटात ठेवायचा, आणि इथे काय बघितलं ते कोणालाही सांगायचं नाही, असं मी लिहून दिलेलं आहे. आईलासुद्धा 'संगणकावरचं' एवढंच माहीत आहे. हे पत्र वाचून चुलीत घाला.

त्या दिवशी माझ्यासमोर आधी एक कापलेला हात आला, मग एक रडणारं मूल, मग तुम्ही. दगडावर उभे. मी हसले, मामा. खूप दिवसांनी त्या खुर्चीवर बसून हसले. नातेवाईक समोर आला तर ते काम दुसऱ्याकडे सोपवायचं, असा नियम आहे. पण दुसऱ्या कोणाला आपली भाषा येत नाही. मी 'राहू द्या' दाबलं आणि शेरा लिहिला: मातीच्या वेळची रीत, खोटी लढाई, धमकी मरणाला.

तासाभराने ते परत आलं. परदेशात बसून आमचं काम तपासणाऱ्या बाई आहेत. त्यांनी विचारलं, मरण हे कोणत्या टोळीच्या म्होरक्याचं टोपणनाव आहे का? मी लिहिलं, नाही, मरण म्हणजे मरण. त्यांनी विचारलं, मग त्याचं घर कुठे आहे? मी लिहिलं, नाही सांगता येत. त्यांनी लिहिलं, चित्रात शवपेटी दिसत नाही, त्यामुळे मातीचा प्रसंग सिद्ध होत नाही. या सगळ्याला मी हसत तोंड दिलं असतं. त्यांचं न ऐकल्याबद्दल दोन चुका माझ्या नावावर पडल्या असत्या, पडू दिल्या असत्या.

पण मग त्यांनी चित्रणाचा शेवट दाखवला. तो मी पहिल्यांदा पूर्ण बघितला नव्हता, कारण टोपी पडली तेव्हा मी हसत होते.

तुम्ही मला लिहिलंत, "बस, एवढंच." एवढंच नव्हतं, मामा. टोपी पडली, लोक हसले, आणि ते तुम्हाला सोसलं नाही. तुम्ही परत दगडावर चढलात आणि म्हणालात, "आणि दुसरं मरण कोट घालून फिरतं, त्याचं नाव ओबुंगा. त्याचंही घर आम्हाला माहीत आहे." लोकांनी भाले उचलून आरोळी दिली. हॉटेल कंपनीचा संचालक ओबुंगा हा मरण नाही. तो माणूस आहे, त्याच्या घरात मुलं आहेत, आणि त्या दिवशी पन्नास माणसांच्या हातात खरे भाले होते. उद्या कोणी खरंच गेलं असतं तर? मी इथे रोज बघते की कोणीतरी खरंच जातं.

म्हणून मी दाबलं. यंत्राने नाही, मंत्र्याने नाही. खातं कायमचं बंद करणं माझ्या हातात नव्हतं, ते आपोआप झालं. पण पहिलं बोट माझं.

बहिणीच्या लेकराला मामाच्या घरचं भांडण तोंडावर बोलून दाखवायचा हक्क असतो, असं तुम्हीच शिकवलंत. तो मी वापरला. आता तुम्हाला काय म्हणायचं असेल ते म्हणा.

अदोयो


न्यागोरो,
१९ एप्रिल

अदोयो,

एवढे दिवस गप्प बसलो. माझ्या आयुष्यातला हा विक्रम आहे, कोठडीतसुद्धा मी भिंतीशी बोलत होतो.

पहिला आठवडा तुझ्यावर चिडण्यात गेला. तुझ्यावर एक भाषणही रचलं. सुंदर झालं होतं. तळ्याकडे तोंड करून म्हटलं, एक पाणकोंबडी उडून गेली. दुसऱ्या आठवड्यात त्याच भाषणातली वाक्यं घेऊन स्वतःवर रचलं. ते जास्त चांगलं जमलं, कारण पुरावा भरपूर होता.

तू म्हणतेस ते खरं आहे. टोपी पडली, लोक हसले, आणि चाळीस वर्षं सत्तेविरुद्ध बोलणारा माणूस एका हशापुढे टिकला नाही. टाळी परत मिळवायला मी एका माणसाचं नाव भाल्यांच्या हवाली केलं. ओबुंगाच्या धाकट्या मुलीला मी पाढे शिकवले आहेत. तिचं नावसुद्धा मला आठवतं. आणि हे तुझ्यापासून लपवून मी स्वतः हुतात्मा झालो, पिशवीत मीठ भरून. ब्लँकेटच्या घडीत लाज ठेवायला जागा होती, ती मात्र ठेवली नाही.

एवढं कबूल केल्यावर आता माझं ऐक, कारण माझ्या चुकीने दुसऱ्याची चूक पुसली जात नाही.

काल मिल्काच्या फोनवर हॉटेलवाल्यांची जाहिरात आली. पैसे भरून आलेली. आपलाच किनारा, सकाळच्या उन्हात, आणि त्यावर अक्षरं: 'शांत, अस्पर्श, मोकळा.' मासळी वाळवायच्या चौकटी पुसून टाकल्या आहेत. बायका पुसल्या आहेत. ओग्वेनोची होडी होती तिथे पांढरी छत्री आहे. ही जाहिरात सगळ्या तळ्याभोवती फिरते आहे आणि तिला कोणी अडवलं नाही. का अडवील? तिच्यात भाला नाही, आग नाही, कोणाचं नाव नाही. एका हसऱ्या चित्राने आख्खं गाव जिवंतपणी मिटवलं, आणि त्या चित्राने एकही नियम मोडला नाही. ओरडणाऱ्याचं तोंड धरायला तुमच्याकडे बटण आहे. पुटपुटत खोटं बोलणाऱ्यासाठी काय आहे? जुन्या सरकारला मी निदान विचारू शकत होतो, कारण ते आपलं होतं, आपल्या गळ्यावर बसलेलं होतं. हे लोक कोण आहेत? यांना कोणी निवडून दिलं? ओग्वेनोच्या मातीत शवपेटी दिसली पाहिजे, हे कुठल्या गावाच्या पंचांनी ठरवलं?

बघ, चढलो पुन्हा दगडावर. उतरतो.

मी खूण केली. त्या चौकोनात. मिल्का खुर्चीमागे उभी होती, हात कमरेवर. जे अधिकाऱ्याला आठ महिन्यांत जमलं नाही ते तिने चहा थंड व्हायच्या आत करून घेतलं. उत्तर आलं: तुमचा अर्ज रांगेत आहे. सुनावणी अडीच आठवड्यांवर आली आहे आणि माझी शरणागती रांगेत उभी आहे.

तुझी पत्रं चुलीत घातली. राख ओमेनाच्या चवीची होती म्हणे, मांजर म्हणत होतं.

मामा


नैरोबी,
२५ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र वाचून मी बसस्टॉपवरच बसले. दोन बस गेल्या.

जाहिरातीचं तुम्ही विचारलंत. जाहिराती आमच्या टेबलावर येतच नाहीत. त्यांची वाट वेगळी आहे, तिच्यावर माणूस नसतो.

मी एक गोष्ट केली आहे, ओरडू नका. तपासणाऱ्या बाईंना आणि त्यांच्या वरच्यांना लांब पत्र लिहिलं. तेरो बुरू काय असतं, कोण कोणाला का पिटाळतं, भाले का खरे असतात आणि लढाई का खोटी असते. तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दलही लिहिलं, लपवलं नाही. ते वाक्य काढा, पण माणसाचं पान परत द्या, असं म्हटलं. जाहिरातीबद्दलही लिहिलं. चार ओळींत मावलं नाही. मी शेवटी तुमचीच भाची.

मजल्यावरच्या साहेबांनी बोलावून विचारलं, हे लिहायला तुला कोणी सांगितलं. मी म्हटलं, कोणी नाही. ते म्हणाले, तोच तर प्रश्न आहे.

पानाची वाट बघत बसू नका. परत आलं तरी आठवडे लागतील, आणि आलं तरी पूर्वीसारखं लोकांपुढे जाणार नाही, एकदा शिक्षा झालेली पानं यंत्र मागे ठेवतं. दुसरा रस्ता शोधा. तो तुमच्याकडे असेल. तुमच्याकडे नसेल तर मिल्काकाकूंकडे असेल.

अदोयो


न्यागोरो,
८ मे

अदोयो पोरी,

मिल्काकाकूंकडे होता.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, साहेबांचा भाग वगळून. ती वाळत घातलेली मासळी उलटत होती. म्हणाली, "आकाशवाणीवर संध्याकाळी मरणाच्या बातम्या लागतात. त्या कोण अडवतं?"

कोणी अडवत नाही. तुला माहीत आहे, आपल्याकडे त्या वेळी होडीतला माणूससुद्धा वल्हं थांबवतो. कोण गेलं, माती कधी, कोणाच्या स्मरणाचं जेवण कुठे. ते ऐकून जो येत नाही त्याचं नाव पुढची तीस वर्षं निघतं. ओग्वेनोच्या स्मरणाचं जेवण करायचंच होतं. मिल्काने ते सहा मेला ठेवलं, सुनावणी ज्या मैदानावर त्याच्याच शेजारी. मजकूर तिने सांगितला, मी फक्त लिहून घेतला, एकही विशेषण न घालता: 'न्यागोरोच्या ओग्वेनोबरोबर ज्यांनी कोणी मासळी धरली किंवा वाळवली, त्यांनी आपली टोपली किंवा जाळं घेऊन जेवायला यावं.' त्याच आकाशवाणीने, त्याच कॅलेंडरखाली बसून, लागोपाठ तीन संध्याकाळी ते वाचलं.

ज्या मरणाच्या घराला मी आग लावणार होतो, त्यानेच आमचं आमंत्रण गावोगाव पोचवलं. त्याची माफी मागावी म्हणतो. पण तो भेटेल तेव्हा बोलायला वेळ देईल असं वाटत नाही.

सकाळपासून बायका येत होत्या. बसने, होडीने, मोटारसायकलवर तिघी तिघी. डोक्यावर टोपल्या. मैदान भरलं, मग रस्ता भरला. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, हे सगळे कशासाठी आले आहेत? आमचा गावचा सरकारी चीफ म्हणाला, जेवायला. ओबुंगाच्या वकिलाने तो किनाऱ्याचा सुंदर फोटो दाखवला, शांत आणि मोकळा. तेव्हा मिल्का उठली. तिने फक्त मागे बघितलं आणि टोपली जमिनीवर ठेवली. तिच्यामागे सगळ्यांनी ठेवल्या. सगळ्या मैदानावर मासळीचा वास सुटला. वकिलाने रुमाल काढला. अध्यक्षांनी फोटोकडे पाहिलं, टोपल्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा फोटो काढला तेव्हा या कुठे होत्या?" 

निकाल असा: मंडळ स्वतः किनाऱ्यावर येऊन बघेपर्यंत कुंपण नाही. एवढंच. पण कालपर्यंत एवढंही नव्हतं.

आता तू विचारशील, मामा काय बोलले. मिल्काने आदल्या दिवशी अट घातली होती, की मी तोंड उघडायचं नाही. मी विचारलं, ही मुस्कटदाबी नाही का? ती म्हणाली, "आहे. पण मी तुमच्या समोर उभी राहून करते आहे, आणि माझं नाव तुम्हाला माहीत आहे."  सगळी सुनावणी पहिल्या रांगेत, टोपी मांडीवर ठेवून बसलो. ओठांना मुंग्या आल्या. बाहेर पडताना ओबुंगा समोर आला. मी त्याला म्हणालो, दगडावरून जे बोललो ते बोलायला नको होतं. तो म्हणाला, मास्तर, मी ते पाहिलंच नव्हतं, कोणीतरी आधीच काढून टाकलं होतं. मग जेवायला बसला. आमच्याकडच्या जेवणाला वैरी नाही म्हणत नाही.

त्याच्या मुलीने पाहिलं असतं तर? हे रात्री मनात आलं. तुझ्या बोटाचे आभार मानायचे राहिले होते, ते मानतो. अर्ध्या बोटाचे. उरलेल्या अर्ध्याशी माझं भांडण चालू राहील.

मामा


नैरोबी,
१५ मे

मामा,

निकाल वाचून मी खोलीत एकटीच नाचले, खालच्या मजल्यावरून काठीने ठोकलं.

माझ्याकडच्या दोन बातम्या. तपासणाऱ्यांकडून नवी सूचना आली: तळ्याकाठच्या भागातली मातीच्या वेळची खोटी लढाई यापुढे राहू द्यावी, मात्र शवपेटी चित्रात स्पष्ट दिसली पाहिजे. माझ्या पत्रातलं एवढंच त्यांनी घेतलं. जाहिरातीबद्दल एक शब्द नाही.

दुसरी बातमी: ती सूचना ज्या दिवशी भिंतीवर लागली त्याच दिवशी माझा करार पुढे वाढवणार नसल्याचं कळवलं. कारण विचारलं तर म्हणाले, कारण द्यायची पद्धत नाही. नाव नाही, सही नाही. शिक्काही नाही, मामा, तिरकासुद्धा.

खोलीचं भाडं या महिनाअखेरपर्यंत भरलेलं आहे. पुढचं काही ठरवलेलं नाही. झोप लागत नाही. डोळे मिटले की ते कापलेले हात येतात, तुम्ही येत नाही.

शनिवारच्या रात्रीच्या बसने निघते. आईला अजून सांगितलेलं नाही. काही दिवस तुमच्याकडे राहिले तर चालेल का?

अदोयो


न्यागोरो,
१८ मे

अदोयो,

हे पत्र बसवाल्याच्या हाती देतो आहे. तो तुला गाडीत बसायच्या आधी देईल, म्हणजे वाटेत उगाच विचार करत बसणार नाहीस.

चालेल का, असं मामाला विचारायचं नसतं.

माझं पान काल परत आलं. वर लिहिलं होतं, तुमचा आवाज आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. खाली चौकट: तुमच्या मनात काय आहे?  मग वाळत घातलेल्या ओमेनाचा एक फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'किनारा मोकळा नाही.' आतापर्यंत तो फोटो मी आणि मिल्काने पाहिला आहे. मिल्काला मी दाखवला म्हणून.

माझ्या वेळची शवपेटी कॅमेऱ्यासमोर नीट ठेवायची, एवढं तुझ्यावर सोपवतो. त्यातलं तुला सगळ्यांपेक्षा जास्त कळतं.

पलीकडची खोली झाडून घेतली. पहाटे तळ्यावरून गार वारा येतो, म्हणून ती अटकेची पिशवी शेवटी सोडली. पुस्तकं वाळवीने खाल्ली, तू म्हणाली होतीस. ब्लँकेट चांगलं राहिलं आहे, उन्हात घालून तुझ्या गादीवर पसरलं. मीठ मिल्का घेऊन गेली, मासळीला कमी पडत होतं.

मी स्टॉपवर उभा असेन. भाषण करणार नाही, तसं कबूल करून बसलो आहे. टोपीवरून ओळख.

मामा